पंधरा केंद्रकं, एक आकडा

कार्बन-१० चं अर्धायुष्य १९ सेकंद. रुबिडियम-७४ चं ६५ मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवायच्या आत खेळ संपला. एकात दहा कण, दुसऱ्यात चौऱ्याहत्तर. तरीही दोघांचा बीटा क्षय नीट मोजून, लहानसहान दुरुस्त्या करून हिशेब मांडला की हाती एकच आकडा येतो: साधारण ३०७२ सेकंद. आजवर अशी पंधरा केंद्रकं अचूक मोजून झाली आहेत. सगळ्यांचा आकडा तोच!

मला हे अजूनही चमत्कारासारखं वाटतं. केंद्रकात तीव्र बलाचा नुसता गोंधळ चाललेला असतो. त्या गोंधळात क्षीण बल एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन करतं, पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात, आणि क्षीण बलाच्या ताकदीला मात्र त्या गर्दीचा धक्काही लागत नाही. असं घडायला हवं, हे फाइनमन आणि गेल-मान यांनी १९५८ साली मांडलं होतं. त्यासाठी एक अट अशी, की आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही केंद्रकांचं परिवलन शून्य हवं.

हा आकडा काढायला तीन गोष्टी मोजाव्या लागतात: अर्धायुष्य, शंभरातले किती क्षय नेमक्या या शून्य-ते-शून्य परिवलनाच्या वाटेने जातात, आणि सुटणारी ऊर्जा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जॉन हार्डी यांच्या गटाने त्यासाठी सायक्लोट्रॉनमधून आलेली केंद्रकं प्लास्टिकच्या पट्टीत रुतवली. पट्टी झटक्यात सरकते आणि नमुना विझायच्या आत जर्मेनियमच्या शोधकासमोर, १५ सेंटीमीटरवर येऊन थांबतो.

ऊर्जेची चूक सर्वांत महाग, कारण ती हिशेबात जवळजवळ पाचव्या घाताने शिरते. २००५ साली व्हॅनेडियम-४६ ची ऊर्जा पेनिंग सापळ्यात, म्हणजे आयन अडकवून ठेवणाऱ्या यंत्रात, नव्याने मोजली, तर ती जुन्या आकड्यापेक्षा सुमारे दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टने जास्त निघाली आणि व्हॅनेडियम रांगेतून बाहेर पडलं. मग हार्डी आणि इयन टाउनर यांनी केंद्रकाच्या आतल्या कक्षांचा परिणाम नव्याने हिशेबात धरला, तेव्हा ते पुन्हा ओळीत आलं.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या अप आणि डाउन क्वार्कमधला दुवा किती घट्ट, हे या आकड्यावरून कळतं: सुमारे ०.९७४. या संख्येच्या वर्गात अप क्वार्कच्या उरलेल्या दोन दुव्यांचे वर्ग मिळवले, की बेरीज बरोबर एक व्हायला हवी. २०१८ साली सैद्धांतिक दुरुस्त्या सुधारल्यापासून ती हजारात एक-दीडने कमी भरते आहे. एखादा अज्ञात कण? की दुरुस्त्यांतच कुठे खोट?

उत्तराच्या शोधात कार्बन-१० कळीचं, आणि तेच मोजायला फार अवघड. त्याचे शंभरातले जेमतेम दीड क्षय हव्या त्या वाटेने जातात. त्यांची खूण म्हणजे १०२२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण. पण पॉझिट्रॉन नष्ट होताना ५११ चे दोन किरण निघतात, आणि ते शोधकात एकदम पोचले तर नोंद होते तीही १०२२ चीच.