आधी मुखवटा, मग नाव

माझी धाकटी लेक पुण्याला शिकते, वसतिगृहात राहते. गेल्या दोन वर्षांत आमचं फोनवरचं बोलणं दोनच प्रश्नांवर येऊन थांबलं होतं. ‘जेवलीस का?’ आणि ‘पैसे पुरतात का?’ दोन्हींचं उत्तर एकच, ‘हो, अब्बा.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा दिसायचा. एकदा डोकावलो. लॅपटॉपवर लोखंडी राक्षस एकमेकांशी झुंजत होते. मी म्हटलं, ‘अजून कार्टूनच पाहतेस?’ ती म्हणाली, ‘कार्टून नाही, अब्बा. गंडम आहे. युद्धाची गोष्ट आहे.’ आणि दार ओढून घेतलं.

ती परत गेल्यावर वाटलं, आपणही पाहावी ही गोष्ट. निदान फोनवर विचारायला तिसरा प्रश्न मिळेल. पण शोधायला गेलो आणि चक्रावलो. ‘गंडम’ ही एक मालिका नाही, तो एक मोठा खटल्याचा संसार आहे. १९७९ पासून आजपर्यंत मालिका, चित्रपट, मालिकांचे काटछाट करून केलेले चित्रपट, मधल्या काळाच्या गोष्टी, आधीच्या काळाच्या गोष्टी, असा पसारा वाढतच चालला आहे. सुरुवात कुठून करायची?

बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे सनावळी लावायची जुनी सवय. कागद घेतला आणि गोष्टीतल्या सालांप्रमाणे यादी केली. सगळ्यात आधीचा काळ ज्यात येतो, ती ‘द ओरिजिन’ नावाची सहा भागांची मालिका. ती पाहून संपवली आणि मोठ्या उत्साहानं लेकीला फोन लावला. पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही शेवटाकडून सुरुवात केलीत.’

‘अगं, शेवट कसला? सुरुवातीपासून तर पाहिलं!’

‘गोष्टीची सुरुवात ती. सांगायची सुरुवात वेगळी आहे.’

वाक्य साधं होतं, पण ते डोक्यातून जाईना. आज मी त्याच वाक्याबद्दल बोलणार आहे. एवढा पसारा कोणत्या क्रमानं पाहावा, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. तसा तो नाही.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. माणसांची संख्या पृथ्वीला पेलेनाशी झाली, म्हणून कोट्यवधी माणसं अंतराळात बांधलेल्या प्रचंड वसाहतींमध्ये राहायला गेली. तिथं त्यांच्या पिढ्या जन्मल्या. राज्य मात्र पृथ्वीवरूनच चालत राहिलं. मग पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या वसाहतींनी स्वतःला ‘झिऑन’ म्हणवून स्वातंत्र्य पुकारलं आणि युद्ध पेटलं. जेमतेम महिन्याभरात निम्मी माणूसजात संपली. पहिली मालिका सुरू होते ती या संहारानंतर. आमुरो रे नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, त्याच्या वसाहतीवर हल्ला होतो तेव्हा नाइलाजानं एका युद्धयंत्रात चढून बसतो. त्या यंत्राचं नाव गंडम. उंची अठरा मीटर, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढी. समोर शत्रूचा एक तरुण अधिकारी आहे. लाल गणवेशातला, चेहऱ्यावर मुखवटा घातलेला शार अझ्नाबल. तो शूर आहे, हुशार आहे आणि काहीतरी लपवतो आहे.

दिग्दर्शक योशियुकी टोमिनो यांचा जन्म १९४१ चा, म्हणजे त्यांचं बालपण महायुद्धात आणि त्यानंतरच्या पडझडीत गेलं. यंत्रमानवांच्या मालिका तोवर जपानमध्ये पुष्कळ होत्या. त्यांत एकीकडे वीर असायचा आणि दुसरीकडे राक्षस. टोमिनोंनी दोन्हीकडे माणसं ठेवली. शत्रूच्या सैनिकालाही घर होतं, भीती होती, पत्राची वाट पाहणारं कुणीतरी होतं. प्रेक्षकांना हे लगेच पचलं नाही. बावन्न भागांची ठरलेली मालिका त्रेचाळीस भागांत आटोपावी लागली आणि जानेवारी १९८० मध्ये संपली. पुढे पुनःप्रक्षेपण झालं, त्याच वर्षी जोडून उभी करायची प्लॅस्टिकची मॉडेलं बाजारात आली आणि पाहता पाहता लाट उसळली. १९८१-८२ मध्ये मालिकेचे तीन चित्रपट करण्यात आले.

यानंतर १९८५ मध्ये ‘झीटा गंडम’, १९८६ मध्ये ‘डबल झीटा’ आणि १९८८ मध्ये ‘शार्स काउंटरअटॅक’ हा चित्रपट आला. पहिल्या मालिकेतलं आमुरो आणि शार यांचं वैर या चित्रपटात शेवटाला जातं. ही मुख्य वाट. पुढे लोकांनी तिला आडवाटा जोडल्या. कुणी पहिल्या युद्धातला एखादा कोपरा घेतला, कुणी दोन मालिकांमधली मोकळी वर्षं भरली. मी पाहिलेली ‘द ओरिजिन’ ही तर २०१५ ते २०१८ मधली. पहिल्या मालिकेतली पात्रं ज्यांनी रेखाटली, त्याच योशिकाझू यासुहिको यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. मुखवट्यामागचा माणूस लहानपणी कोण होता, हे ती सांगते. म्हणजे छत्तीस वर्षं लोकांनी ज्याला मुखवट्यात पाहिलं, त्याची ती कुळकथा. मी ती कुळकथा आधी वाचली आणि मग माणसाला भेटायला गेलो.

परिणाम काय झाला? नंतर १९७९ ची गोष्ट पाहायला बसलो, तेव्हा शार पहिल्यांदा पडद्यावर आला आणि मला काहीच वाटलं नाही. आमुरोला जो धाक वाटतो, तो मला वाटेना. त्याच्या प्रत्येक कृतीमागचं कारण मला ठाऊक होतं. तो मित्राशी हसून बोलतो त्या प्रसंगी माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. मी नुसती मान डोलावली. ज्याला सगळं आधीच माहीत असतं, तो पाहत नाही, फक्त पडताळतो.

आपल्याला हे नवीन नाही. महाभारत काही शंतनूपासून सुरू होत नाही. नैमिषारण्यात सूत ऋषींना कथा सांगतो आणि ती त्यानं जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेली असते. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. युद्ध संपून पिढ्या उलटल्या आहेत, सूड मात्र अजून पेटलेलाच आहे, आणि तिथून गोष्टीला तोंड फुटतं. कुणी म्हणेल, आपण सनावळीनं लावू या. लावता येईलही, पण मग ते महाभारत राहणार नाही, वंशावळ होईल.

इथं एक माझ्या घरचा अनुभव सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. संमेलनात सूत्रसंचालक माझी ओळख करून देतात, ‘आपले मुस्लिम मित्र किती सुंदर मराठी लिहितात पाहा!’ कवितेआधीच टाळ्या पडतात. हेतू चांगलाच असतो. पण मी तोंड उघडण्याआधी समोरच्यांनी मला एका खणात ठेवलेलं असतं. एकदा एका गावी नेमका ओळखीच्या वेळी माईक बंद पडला. नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. मी लांबलेल्या पावसावरची कविता वाचली. खाली उतरलो तर एक वयस्कर शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, ‘पाव्हणं, शेत किती एकर?’ शेत नाही म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. मग नाव विचारलं. सांगितलं. ‘असं होय,’ म्हणाले आणि मला चहाला घरी घेऊन गेले. नाव आधी ऐकलं असतं तरी त्यांनी चहा पाजलाच असता. पण शेत किती एकर, हे विचारलं नसतं.

म्हणून लेकीचं म्हणणं मला पटलं. आधी माणसाचं वागणं दिसू दे, मग त्याचं नाव आणि घराणं कळू दे. मुखवटा आधी, नाव नंतर. टोमिनोंनी तसंच सांगितलं होतं आणि त्यावर पुढच्या सगळ्या गोष्टी उभ्या आहेत.

तेव्हा ज्यांना हा पसारा पाहायचा आहे, त्यांच्यासाठी लेकीनं मला लिहून दिलेला आणि मी तपासून पाहिलेला क्रम सांगतो. सुरुवात १९८१-८२ च्या तीन चित्रपटांनी करावी. त्रेचाळीस भागांना सतरा तास लागतात, तीन चित्रपट सात तासांच्या आत होतात. चित्रं जुनी आहेत, पहिला अर्धा तास ती डोळ्यांना खुपतात, मग खुपेनाशी होतात. पहिल्या चित्रपटात आमुरोची आणि आईची भेट आहे. आपला मुलगा माणसावर गोळी झाडू शकतो, हे त्या माऊलीला समोर दिसतं. तेवढ्या प्रसंगासाठी तरी चित्रपट पाहावा.

त्यानंतर ‘झीटा’, पण ती मालिकाच पाहावी, पन्नास भाग. २००५-०६ मध्ये तिचेही तीन चित्रपट झाले, मात्र त्यांत शेवट बदलला आहे, त्यामुळे पुढच्या ‘डबल झीटा’शी सांधा जुळत नाही. ‘डबल झीटा’ सुरुवातीला बरीच थट्टेखोर आहे. दम नसेल त्यांनी ती मागे ठेवली तरी चालेल. मग १९८८ चा चित्रपट. इथं मुख्य गोष्टीचा एक फेरा पूर्ण होतो. त्यानंतर २०१० ते २०१४ मधली ‘युनिकॉर्न’, मग २०२१ चा ‘हॅथवे’. त्याचा नायक १९८८ च्या चित्रपटात लहान मुलगा म्हणून भेटलेला असतो, म्हणून क्रम मोडू नये. ‘द ओरिजिन’ सगळ्यात शेवटी पाहावी, म्हणजे ती खरी लागते. आणि २०२५ ची ‘जीक्वॉक्स’ नावाची मालिका तर पहिल्या युद्धात झिऑन जिंकलं असतं तर काय झालं असतं, हे कल्पून रचली आहे. मूळ हरणं ज्यानं पाहिलं नाही, त्याला हे जिंकणं काय समजणार?

एवढा वेळ नसेल, तर दुसरा दरवाजा आहे. १९९४ पासून गंडमच्या नावानं पूर्ण वेगळ्या जगांच्या मालिकाही निघाल्या. त्यांचा जुन्या युद्धाशी संबंध नाही. मंगळावरच्या बालसैनिकांची ‘आयर्न ब्लडेड ऑर्फन्स’ ही २०१५ ची, आणि शाळेत घडणारी, मुलगी नायिका असलेली ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ ही २०२२ ची. उर्दूत शायराचा दीवान लावतात तो रदीफच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे. कोणती गझल तरुणपणची, कोणती म्हातारपणची, हे पानावरून कळत नाही आणि कळायची गरजही नसते, कारण प्रत्येक गझल आपल्या पायावर उभी असते. या मालिका तशा आहेत. कुठूनही उघडा. मुख्य वाट मात्र कादंबरीसारखी आहे, ती मधूनच उघडू नये.

माझ्यापुरतं बोलायचं तर एक नुकसान झालं ते झालंच. शारला अनोळखी म्हणून भेटायची संधी एकदाच मिळते, ती मी घालवली. कोरी पाटी पुसून पुन्हा कोरी होत नाही. लेकीलाही त्याची चुटपुट लागली होती. मी दचकलेला तिला पाहायचा होता.

मग एके दिवशी तिचा निरोप आला. ‘वॉर इन द पॉकेट पाहा. १९८९ ची आहे, सहाच भाग. त्याबद्दल काही वाचू नका, कुणाला विचारू नका. यादीबिदी करू नका.’ ही पहिल्याच युद्धाच्या अखेरच्या दिवसांतली गोष्ट. अंतराळातली एक तटस्थ वसाहत, तिथला युद्धाचं आकर्षण असलेला एक शाळकरी मुलगा, आणि त्याला भेटलेला शत्रुपक्षाचा एक नवखा सैनिक. एवढंच सांगतो. पहिले तीन चित्रपट पाहून झाले की लगेच पाहिली तरी चालते आणि एकटी पाहिली तरी समजते. फक्त लहान मुलांना एकटं बसवू नका.

मी ती एका रात्रीत पाहिली. पहिले काही भाग हसत पाहिले. शेवटचा संपला तेव्हा पाऊण वाजला होता. घरात सगळे झोपलेले. एवढ्या रात्री मुलीला फोन करू नये, हे कळत होतं, तरी केला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. ‘पाहिलंत?’ ती म्हणाली. मी ‘हो’ म्हणालो. पुढे बराच वेळ दोघंही बोललो नाही. मग तिनं विचारलं, ‘अब्बा, जेवलात का?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)