नकाशा वळसा कां सांगतो?

समोर दिसणाऱ्या रुग्णालयाची वाट विचारावी आणि खिशांतल्या फोनवरील नकाशानें तीन किलोमीटरांचा वळसा सांगावा, असा अनुभव पुष्कळांस येतो. बहुतेक लोक यंत्राच्या बुद्धीला हंसून मोकळे होतात. परंतु घरांत रोगी अत्यवस्थ असतां आणि रुग्णवाहिकेचा चालक त्या भागांत नवखा असतां ही हंसण्याची गोष्ट राहत नाहीं. हा वळसा कोठून येतो, हें समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

सर्वांस खुल्या असलेल्या नकाशांत ओपनस्ट्रीटमॅप हा प्रमुख होय. स्टीव्ह कोस्ट यांनीं २००४ सालीं इंग्लंडमध्यें त्याचा आरंभ केला. आज जगभरचे स्वयंसेवक त्यांत भर घालीत असतात. या नकाशांत रस्ता म्हणजे बिंदूंना जोडणारी रेषा. तो एकेरी कीं दुहेरी, वेगमर्यादा किती, प्रवेश खासगी आहे काय, हे गुण त्या रेषेस जोडलेले असतात. ओएसआरएम, ग्राफहॉपर, व्हलहाला या वाट काढणाऱ्या यंत्रणा हीच सामग्री वाचतात. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, या प्रश्नावर डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९५६ सालीं एक रीत शोधिली व १९५९ सालीं ती प्रसिद्ध केली. आजच्या रीती तिच्याच वंशांतील आहेत. हिशेब सहसा चुकत नाहीं. चुकते ती हिशेबास पुरविलेली माहिती.

चुकीचे प्रकार थोडे आहेत. दोन रेषा एकमेकींस छेदतात, पण त्यांत सामाईक बिंदु नसतो. डोळ्यांना चौक दिसतो, यंत्राला मात्र तेथें वळतां येत नाहीं. एकेरी रस्त्याची दिशा उलटी नोंदलेली असते. फाटक दाखविलेलें असतें, पण तें कोणास खुलें आहे, हें लिहिलेलें नसतें. कधीं निघण्याची जागा यंत्र जवळच्या रस्त्यावर धरतें आणि तो रस्ता नेमका मागील भिंतीपलीकडचा निघतो.

प्रत्येक वळसा म्हणजे चूक, असेंही नाहीं. मुंबईंत वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकींस व पादचाऱ्यांस मनाई आहे. मोटारीस सेतूवरून आणि पायीं जाणारास माहीमवरून वाट दाखविणारा नकाशा बरोबरच ठरतो.

दोष हुडकण्याचा उत्तम उपाय म्हणजे प्रश्न लहान करीत जाणें. आरंभ व शेवट संशयित चौकाच्या दोन अंगांस ठेवावेत. पन्नास पावलांसाठींही वळसा येत असेल, तर दोष तेथेंच आहे. नसेल तर उरलेली वाट निम्मी निम्मी करून तपासावी. मग तोच प्रश्न पादचाऱ्याच्या नांवानें विचारावा. पादचारी सरळ जातो व मोटार वळसा घेते, तर एकेरी खूण, वळण्याची मनाई किंवा प्रवेशबंदी पाहावी. दोघेही वळसा घेतात, तर बहुधा सांधा तुटलेला असतो. शेवटीं दुसऱ्या यंत्रणेस विचारावें. दोघींचें एकमत असेल तर नकाशा तपासावा. एकीचेंच उत्तर विचित्र असेल तर तिचे नियम.

दुरुस्ती करतांना मात्र संयम हवा. यंत्रानें हवी ती वाट दाखवावी म्हणून खोटी नोंद करूं नये, अथवा दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवूनही घेऊं नये. जागेवर जाऊन पाटी, फाटक, दुभाजक पाहावें आणि दिसेल तेंच लिहावें. लिहिणें जमत नसेल तर नकाशावर त्या ठिकाणीं टीप ठेवण्याची सोय आहे. दुरुस्तीनंतर वाट त्याच क्षणीं बदलली नाहीं, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. यंत्रणा आपलें रस्त्यांचें जाळें कांहीं काळानें नव्यानें विणतात.

सार्वजनिक विहिरीचा कांठ कोणीतरी नीट करतो आणि पाणी सगळा गांव पितो. खुल्या नकाशाचेंही तसेंच आहे. एका चौकांत जोडलेला एक बिंदु उद्यां एखाद्या अनोळखी रोग्याचीं दहा मिनिटें वांचवील.