भिंतीतला नळ

कोकणातल्या जुन्या घराचा पाइप बाहेरून मरतो, आपल्याकडचा आतून. रत्नागिरी-मालवणकडे खारा वारा टाकीचं लोखंडी स्टँड, क्लॅम्प, उघडे आटे असं सगळं खात सुटतो. पण तो गंज निदान डोळ्यांना दिसतो. देवगाव रंगारीला समुद्राचा वाराही लागत नाही. कन्नड तालुक्यातलं हे गाव काळ्या कातळाच्या मुलखातलं. इथला तीस-चाळीस वर्षांचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वरून ठणठणीत दिसतो आणि कापला की आत पांढऱ्या खडूची नळी निघते. मधे पेन्सिल जाईल एवढं भोक.

हा खडू येतो कातळातून. पावसाचं पाणी मातीतून मुरताना किंचित आंबट होतं आणि बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोअरने आपण तेच वर ओढतो. तापवलं की क्षार पाण्यात राहत नाहीत, धातूला चिकटून बसतात. तांब्याच्या बंबात खरवडून काढावा लागणारा पापुद्रा हाच. आता बंबाची जागा गिझरने आणि गच्चीवरच्या सोलरने घेतली, म्हणून गरम पाण्याची लाइन गारपेक्षा आधी तुंबते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा. घरातल्या बायकांना हा आकडा लागत नाही. तुरीची डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की पाणी जड आहे हे कळतं. रंगाऱ्यांनाही ते कळत असणार. जड पाण्यात रंग एकसारखा चढत नाही. गावाच्या नावातच रंगारी आहेत, तेव्हा ही पारख इथे नवी नसावी.

पाइप तुंबला तर बदलता येतो. खरी काळजी भिंतीची. माळवदाची घरं बांधली तेव्हा पाणी रांजणात असायचं आणि न्हाणी परसात. पांढऱ्या मातीच्या हात-दोन हात जाड भिंतींना नळ ठाऊकच नव्हता. पुढे नळ आला, छिन्नीने भिंतीत खाच पाडली, पाइप दडवला, वरून सिमेंटचा गिलावा मारला. दिसायला झकास. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचं उद्दिष्ट ठेवून दारापर्यंत नळ आणायचं ठरवलं; दाराच्या आत मात्र ज्याचा त्याने बघायचं. आणि गळती होते ती बहुधा आतच. विटा-सिमेंटची भिंत थेंब-थेंब पाणी बरीच वर्षं सोसते. मातीची भिंत ओली झाली की पुन्हा माती होते. त्यातून सिमेंटचा गिलावा ओल बाहेर पडू देत नाही, चुन्याचा देतो. गिलाव्यावर टिचकी मारून पोकळ आवाज आला, जोत्यापाशी लोणा फुटला, सागवानी खांबाच्या बुडाशी वाळवीची माती दिसली, तर आधी प्लंबर बोलवा, रंगवाल्याला नंतर.

दोन-चार दिवसांआड येणारं पाणी हे आणखी एक दुखणं. सतत भरलेला पाइप कमी गंजतो; ओला-कोरडा होणारा जास्त. पाणी गेलं की रिकामा पाइप हवा ओढतो आणि फट गटारीजवळ असली तर हवेबरोबर घाणही. पाणी आलं की कोंडलेली हवा सांधे हादरवते. संभाजीनगरात मलिक अंबरच्या सतराव्या शतकातल्या नहरीवर जागोजागी उभारलेले मनोरे या हवेलाही वाट करून द्यायला होते. शिवाय तिथले बरेच नळ भाजक्या मातीचे, म्हणजे त्यांना गंजाचा प्रश्नच नाही.

आपल्या घराची तपासणी एका रात्रीत होते. झोपताना घरातले सगळे नळ बंद करून, टाकीचा कॉक मात्र उघडा ठेवून, टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करायची. सकाळी पाणी खाली गेलेलं असलं तर ते बहुधा भिंतीत गेलं. मग टाकीजवळच्या आणि शेवटच्या नळाखाली तीच बादली लावून वेळ मोजायचा. शेवटचा नळ रडतखडत वाहत असला तर लाइन आतून भरली आहे. अर्ध्या इंचाची नळी पाव इंच उरली की पाणी निम्मं नव्हे, चौथाईपेक्षाही कमी होतं. अशा वेळी लोक दोन चुका हमखास करतात. एक, पाइपात अॅसिड ओततात. क्षार सुटतो खरा, पण जस्तही जातं आणि काही जुन्या पाइपांत भोकावर बूच म्हणून तो क्षारच बसलेला असतो. दुसरी, प्रेशर पंप बसवतात. जोर वाढतो आणि सगळ्यांत जुना सांधा सुटतो, तो नेमका भिंतीतला.

माझ्या मते मातीच्या घरात पाइप भिंतीत घालूच नये. जुनी लाइन आहे तिथे मुकी करून टाकावी, उकरत बसू नये. नवी सीपीव्हीसीची लाइन क्लॅम्पवर, भिंतीपासून बोटभर सोडून, बाहेरून न्यावी. जागोजागी युनियन ठेवला की सांधा न कापता उघडता येतो. उन्हाने सीपीव्हीसी ठिसूळ होते, म्हणून वळचणीच्या सावलीतून न्यावी किंवा पाण्यात कालवायचा रंग द्यावा. बाहेर पाइप लोंबताना बरा दिसत नाही, अशी कुरकुर घरात होईल. रंग भिंतीच्याच छटेचा घ्या.