ग्रीसला एकट्याने जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगी किंवा मुलगा एकट्याने ग्रीसला निघाला की घरात पहिली काळजी असते ती माणसांची: कुणी फसवलं तर, कुणी त्रास दिला तर? काळजी रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. तिथे एकट्या प्रवाशाची गाठ पडते ती वाऱ्याशी, कागदपत्रांशी आणि उन्हाशी. तयारी त्यांची करावी.

गैरसमज: एकट्या बाईने जाणं धोक्याचं.
वस्तुस्थिती: पर्यटकांवर हिंसक हल्ले तिथे क्वचित होतात. लोक रात्री उशिरा जेवतात, त्यामुळे अथेन्सच्या प्लाका भागात रात्री अकरालाही लेकुरवाळी कुटुंबं टेबलांवर दिसतात. खरा उपद्रव खिसेकापूंचा. विमानतळावरून शहरात येणारी मेट्रो आणि मोनास्तिराकी, ओमोनिया ही स्थानकं त्यांची आवडती. बॅग घेऊन चढताना दारात मुद्दाम गर्दी केली जाते आणि तेवढ्यात पाकीट जातं. एकट्या पुरुषांसाठी सापळा वेगळा: सिंताग्मा चौकाच्या आसपास कुणी गोड बोलून बारमध्ये नेतो आणि शेवटी शेकडो युरोंचं बिल हातात पडतं. आणीबाणीला ११२ आणि पर्यटक पोलिसांसाठी १५७१ हे क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावेत.

गैरसमज: बेटं जवळजवळ आहेत, बोट केव्हाही मिळते.
वस्तुस्थिती: अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नॅक्सोसला साधी फेरीबोट पाच-साडेपाच तास घेते, सांतोरिनीला आठेक तास. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. तो फार वाढला की बोटी बंदरातच थांबवतात. वेगवान कॅटामरान आधी रद्द होतात, मोठ्या संथ बोटी तग धरतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम बेटावर नको, अथेन्सलाच हवा.

गैरसमज: शाकाहारी माणसाचे हाल होतात.
वस्तुस्थिती: ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ईस्टरआधी मोठा उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ तिथल्या स्वयंपाकात मुरलेले आहेत: टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे घेवडे (गिगांतेस), भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या (गेमिस्ता), उकडलेली रानभाजी (होर्ता). सांतोरिनीचा फावा तर घट्ट वरणासारखा, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. उपासाच्या पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. मात्र त्या उपासाला शिंपले आणि ऑक्टोपस चालतात, आणि गेमिस्तात कधी खिमाही असतो. तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारावंच.

गैरसमज: व्हिसा हातात आला की झालं.
वस्तुस्थिती: ग्रीससाठी लागणाऱ्या, युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज त्याच देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वांत जास्त. बेटावर स्कूटर चालवायची असेल तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. तो निघण्याआधी आरटीओतून काढावा. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

गैरसमज: आपल्याला उन्हाची सवय आहे.
वस्तुस्थिती: जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं. बेटांवरच्या पायवाटा उघड्या, खडकाळ. मैलोन्‌मैल ना झाड, ना पाणी. जून २०२४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मायकेल मोस्ली सिमी बेटावर दुपारी एकटेच चालत निघाले. फोन बरोबर नव्हता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. त्याच महिन्यात एकट्याने पायी निघालेले आणखीही काही पर्यटक ग्रीसमध्ये दगावले किंवा बेपत्ता झाले.

एकटं फिरणं म्हणजे कुणाला न सांगता फिरणं नव्हे. चालायला सकाळी लवकर निघा, पाणी आणि चार्ज केलेला फोन जवळ ठेवा, कोणत्या वाटेने जाताय आणि कधी परत येणार ते हॉटेलवाल्याला आणि घरी कळवा. एवढं पाळलंत तर ग्रीस एकट्याने फिरायला उत्तम देश आहे, निःशंक जा.