बोटांचे बळ बोटांत नसते : कंडरांविषयीचे गैरसमज

मूठ आवळून मनगट आत वळवले असता त्वचेखाली ज्या ताठ दोऱ्या उठून दिसतात, त्यांना सर्रास शिरा म्हटले जाते आणि ‘शीर आखडली’ असे निदानही घरच्या घरी होऊन जाते. वस्तुतः त्या रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्या कंडरा होत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे, मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंचे चिवट पट्टे. अस्थिबंध त्यांहून वेगळे, कारण ते हाडाला हाडाशी बांधतात.

नंदुरबार जिल्हा मिरचीसाठी नावाजलेला असून, तेथे वाळवलेल्या मिरचीचे देठ चिमटीत धरून हातानेच खुडले जातात. हे बळ बोटांचे, असा समज स्वाभाविक असला तरी बोटांच्या आत हाडे हलवणारा एकही स्नायू नसतो. तळहातातील लहान स्नायूंचा हातभार सोडला, तर बोटे वाकवणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या 9 कंडरा एका मज्जातंतूसह मनगटातील अरुंद बोगद्यातून पुढे जातात. कंडरा स्वतः आकुंचन पावत नाही. ती केवळ स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवते.

कंडरा हाडाला नुसती चिकटलेली असते, हा समज तर या विषयातील सर्वांत रंजक भागच झाकून टाकतो. स्नायूकडील टोकाशी पेशींच्या पृष्ठभागाला असंख्य घड्या पडलेल्या असल्याने संपर्काचे क्षेत्र वाढते. हाडाकडील टोकाशी, पुष्कळ कंडरांत, आधी कोलॅजेनचे तंतू, मग तंतुमय कूर्चा, मग कॅल्शियम साठलेली कूर्चा आणि शेवटी हाड असा क्रम असतो, ज्यामुळे मऊ आणि कठीण पदार्थ एकदम भिडत नाहीत व ताण एका रेषेवर एकवटत नाही.

चिमटीच्या कामाने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर उठणारी कळ ‘शीर दबल्याने’च येते असे नाही. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केरव्हँ यांनी 1895 मध्ये वर्णन केलेल्या विकारात अंगठ्याच्या दोन कंडरांभोवतीचे आवरण जाड होते आणि त्यांना सरकण्यास जागा अपुरी पडते.

विळ्याने कापलेल्या बोटाची जखम शिवली की काम झाले, हा समज मात्र महागात पडू शकतो, कारण तुटलेल्या कंडरेचे टोक स्नायूच्या ओढीने तळहाताकडे सरकलेले असू शकते आणि ते शोधून जोडल्याशिवाय, वरची त्वचा कितीही चांगली भरून आली तरी, बोट पूर्ववत वाकत नाही.