घोडे तेच, सारथी नवा

संघ जिंकला की श्रेय कोणाचे? खेळाडूंचे की प्रशिक्षकाचे? अमेरिकेतील विद्यापीठांत लंबगोल चेंडूने जो फुटबॉल खेळला जातो, तेथे या प्रश्नावर प्रशिक्षकांच्या नोकऱ्या टांगलेल्या असतात. अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाचेच पाहा. २०१० मध्ये जीन चिझिक यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ चौदाही सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. पुढे चढाईची सूत्रे सांभाळणारा कॅम न्यूटन व्यावसायिक संघात गेला आणि २०१२ मध्ये त्याच चिझिक यांच्या पदरी ३ विजय, ९ पराभव आणि नारळ पडला. २०१३ मध्ये गस माल्झान आले. खेळाडू बहुतांशी तेच. पण संघ १२ सामने जिंकून अंतिम सामन्यात धडकला!

मग चिझिक कुचकामी म्हणावेत काय? तसेही नाही. न्यूटनच्या जागी माल्झान यांना निक मार्शल लाभला. अलाबामा विद्यापीठाविरुद्धचा विजय तर प्रतिस्पर्ध्याचा गोल हुकल्याने अखेरच्या क्षणी पदरात पडला. शिवाय २०१० मधील विजयात चढाईची आखणी माल्झान यांचीच होती. पुढे २०२० मध्ये त्यांनाही निरोप मिळालाच. तेव्हा सारथ्याची पारख एका हंगामावरून करू नये. घोडे कोणाचे, रस्ता कसा आणि दैव कोणाकडे, हे आधी पाहावे.