काट्यावरचा संगणक जागा आहे ना?

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाचट सोडून संगणकावर का लिहावे, असे आपणास वाटेल. त्याला कारण आहे. गेल्या हंगामात एके रात्री अकराच्या सुमारास काट्यापासून ऑफिसपर्यंतची लाईन बंद पडली. उंदराने वायर कुरतडली होती. समजले ते सकाळी सहाला. तोवर पावत्या हाताने लिहिल्या गेल्या आणि एका सभासदाची खेप त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर चढली. चूक आमच्याच खात्याची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत द्यावयाचे असते. त्या घराला ते लांबले. वायर कधीतरी तुटणारच. पण सात तास कोणाला पत्ता नसणे, हे टाळता येते.

त्यासाठी नेटवर्कवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर असते. काम राखणदाराचे. काटा, गट कार्यालय, हिशेब खाते येथील प्रत्येक यंत्राला ते दर मिनिटाला हाक मारते. या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. ‘ओ’ आली तर ठीक, नाही आली तर ते निरोप धाडते. नागिऑस, झॅबिक्स ही अशी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. खर्च येतो तो यंत्राचा आणि माणसाच्या वेळेचा.

खरा प्रश्न, हा राखणदार बसवायचा कोठे? मार्ग तीन आहेत.

पहिला, कारखान्यातच. आपल्याएवढ्या नेटवर्कला एक साधा संगणक पुरतो. इंटरनेट गेले तरी आतली पाहणी चालू राहते. पण कारखान्याची वीज गेली, की राखणदारही झोपला! आणि इंटरनेटच बंद, तर निरोप जाणार कसा?

दुसरा, बाहेर भाड्याच्या सर्व्हरवर. येथे विजेची चिंता नाही. पण महिन्याचे भाडे आले. शिवाय इंटरनेट तुटले, की काटा बंद आहे की फक्त बाहेरची लाईन, हे तिकडून कळत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे पहिल्यालाच दोन जोड. संगणक कारखान्यातच, बॅटरीवर ठेवावा आणि त्याला सिमकार्डाचा मोडेम लावावा, म्हणजे इंटरनेटवाचून एसएमएस जातो. दुसरे, या संगणकाने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका लहान सेवेला ‘मी जागा आहे’ असे कळवावे. ते कळवणे थांबले, की बाहेरून आपल्या माणसाला फोन यावा. राखणदारावर राखणदार तो हाच. आमच्या मते आपल्याला हा तिसरा मार्ग सोयीचा. संचालक मंडळापुढे आम्ही तेच मांडले आहे.

मात्र बसवले म्हणजे भागले असे नाही. एक हाक चुकली की लगेच एसएमएस नको. लागोपाठ तीन चुकल्यावर जावा. मुख्य लाईन तुटली, तर सगळ्या गट कार्यालयांचे वेगवेगळे निरोप नकोत, एकच यावा. नाहीतर ‘लांडगा आला रे’ची गत होते आणि खऱ्या वेळी मोबाईल कोणी उचलत नाही. रात्रपाळीला निरोप कोणाला आणि त्याने न उचलल्यास पुढे कोणाला, हे नावानिशी फळ्यावर लिहिलेले असावे. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम वायर काढून निरोप येतो का ते पाहावे. मोटारीचा स्टार्टर आपण पाणी देण्याआधी तपासतो, पीक वाळल्यावर नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सॉफ्टवेअर वजन बरोबर आहे की नाही, हे पाहत नाही. ते काम वैधमापन खात्याच्या तपासणीचे आणि पावती वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांचे. त्याला वजनाच्या नोंदीत हात घालण्याची मुभा देऊ नये. यंत्र जागे आहे का, एवढेच त्याने पाहावे.

तोडलेला ऊस गाडीतळावर जितका ताटकळतो, तितके वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यात नुकसान आपले आणि कारखान्याचेही. तरी वार्षिक सभेत हा विषय आल्यास ‘संगणकावर खर्च कशाला’ असे म्हणण्याआधी ती रात्र आठवावी, आणि शंका असल्यास गट कार्यालयात जरूर विचाराव्यात, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी